जीटीए ६ ची वाट कशी बघायची, डोकं आणि खिसा दोन्ही शाबूत ठेवून

जीटीए ६, म्हणजे रॉकस्टार कंपनीच्या ग्रँड थेफ्ट ऑटो ह्या व्हिडिओ गेम मालिकेचा नवा भाग, तो येण्याची सध्याची तारीख आहे १९ नोव्हेंबर २०२६, वार गुरुवार. "सध्याची" म्हणतोय कारण पहिल्या ट्रेलरमध्ये नुसतं २०२५ लिहिलेलं, मग २ मे २०२५ ला रॉकस्टारने सांगितलं की २६ मे २०२६, आणि मग ६ नोव्हेंबर २०२५ ला परत सॉरी-बिरी म्हणून गाडी पुढच्या नोव्हेंबरवर ढकलली. जीटीए ५ आला १७ सप्टेंबर २०१३ ला. त्या महिन्यात जन्मलेलं पोरगं आता तेरा वर्षांचं होऊन आपल्या हातातून कंट्रोलर हिसकावून घेईल अशी वेळ आली तरी आपण त्यातलंच लॉस सँटोस शहर फिरतोय. मधल्या काळात काय काय झालं बघा, आरसीबी आयपीएल जिंकली (होय, आरसीबी), आपल्या पोरींनी नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर वर्ल्ड कप उचलला, आणि त्यानंतर बरोबर चार दिवसांनी रॉकस्टारने तारीख ढकलली. "जीटीए सहाच्या आधी हे पण झालं" हा जोक आता इतका जुना झालाय की जोकच गेमच्या आधी रिटायर होणार.

तर जे देव पाण्यात घालून बसलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. वाट तर बघायचीच आहे, पण ती अशी बघा की झोप उडणार नाही, कोणी गंडवणार नाही आणि गेम आल्यावर "अरे जागाच नाही कन्सोलमध्ये" असं होणार नाही.

बातमी कुठली आणि पुडी कुठली

पहिलं काम, बातमीचे दरवाजे दोनच ठेवा. एक म्हणजे रॉकस्टारची स्वतःची वेबसाइट आणि त्यांचं यूट्यूब चॅनल, तिथे घंटी दाबून ठेवा, संपला विषय. दुसरा ट्रेलर ६ मे २०२५ ला कुठलीही पूर्वसूचना न देता टाकला होता, मंगळवारी, कामाच्या दिवशी. पहिल्याची तर अजूनच गंमत, ५ डिसेंबर २०२३ ला आपल्या संध्याकाळी साडेसातला येणार असं जाहीर केलेलं, लोकांनी चहा-बिहा ठेवून बसायची तयारी केली, पण तो आधीच लीक झाला म्हणून त्यांनी घाईघाईत स्वतःच टाकून दिला, आपल्याकडे तेव्हा पहाट होती. म्हणजे काय, घंटी सोडून दुसरं काही कामाचं नाही.

दुसरा दरवाजा बऱ्याच जणांना माहीत नसतो. रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू ही अमेरिकेत शेअर बाजारात लिस्टेड आहे, दर तीन महिन्यांनी तिला निकाल जाहीर करावा लागतो, साधारण फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये. गेमची तारीख हलली की कंपनीच्या कमाईचा अंदाज हलतो, त्यामुळे ही गोष्ट गुंतवणूकदारांपासून लपवून ठेवता येत नाही. म्हणूनच बघा, "२०२५ च्या शरद ऋतूत" हे मे २०२४ च्या निकालात आलं, पहिली ढकलाढकल मे २०२५ च्या निकालाच्या दोन आठवडे आधी आणि दुसरी तर थेट निकालाच्या दिवशीच. तर कॅलेंडरवर ह्या चार वेळा खुणा करा, त्या आठवड्यात कान टवकारा, आणि बाकीचं वर्ष निवांत राहा. फक्त एक, टेक-टूचे साहेब स्ट्रॉस झेलनिक मुलाखतीत तारखेबद्दल ठाम विश्वास दाखवतात त्याला फार भाव देऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये पण ते मे महिन्याबद्दल एकदम ठाम होते. त्यांचं कामच आहे ते.

ह्या दोन दरवाजांच्या बाहेर जे आहे ते सगळं टाइमपास. चंद्राच्या कलांवरून ट्रेलरची तारीख काढणारे, पोस्टरमधल्या गोळ्यांची भोकं मोजणारे, गाडीच्या नंबर प्लेटची बेरीज करणारे. हे वाचायला मला स्वतःला जाम आवडतं, पत्रिका बघणारे गुरुजी पण इतकी मेहनत घेत नसतील, पण त्यावर विसंबून ऑफिसात सुट्टी टाकू नका एवढंच. "आतल्या माणसाने सांगितलं" टाइपच्या पुड्या सोडणाऱ्यांचं एक ठरलेलं आहे, दहा तारखा सांगायच्या, नऊ डिलीट मारायच्या, एक लागली की ती वर पिन करायची.

तारीख परत ढकलली तर?

रॉकस्टारची ही जुनी सवय आहे, त्यामुळे धक्का बसायचं कारण नाही. जीटीए ४ ला १६ ऑक्टोबर २००७ अशी पक्की तारीख होती, आला २९ एप्रिल २००८ ला. जीटीए ५ २०१३ च्या उन्हाळ्याआधी यायचा होता, सप्टेंबरात आला. त्यांचाच दुसरा गेम रेड डेड रिडेम्प्शन २ आधी २०१७ च्या शेवटी, मग २०१८ च्या सुरुवातीला, आणि शेवटी २६ ऑक्टोबर २०१८. हा शेवटचा किस्सा लक्षात ठेवा, दोनदा ढकलला आणि तिसरी तारीख मात्र पाळली. सहाचं पण दोनदा ढकलून झालंय. माझा स्वतःचा अंदाज असा की ह्या वेळेस येईल, पण जीटीए ४ चं उदाहरण असं आहे की दिवस-महिना-वर्ष छापलं म्हणजे शब्द दिला असं होत नाही, म्हणून पैसे आणि रजा ह्या दोन गोष्टी शेवटपर्यंत मोकळ्या ठेवा, त्यावर खाली येतोच.

फुकट ते पौष्टिक असं इथे नाही

हे घरातल्या बारक्यांना मुद्दाम वाचून दाखवा. "जीटीए ६ मोबाइल एपीके डाउनलोड" (एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल) असं सर्च केलं की ढिगाने लिंका येतात आणि दर वेळी तीच स्टोरी असते. आधी मस्त लोगो आणि खाली फाइलचा साइज, तोही गमतीशीर, कधी ३०० एमबी कधी ८०० एमबी. डाउनलोड दाबलं की लोडिंगचा पट्टा पळतो, नव्वद-पंच्याण्णव टक्क्याला अडतो आणि म्हणतो "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा", मग दोन ॲप इन्स्टॉल करा, एक सर्व्हे भरा, मोबाइल नंबर द्या, ओटीपी टाका. गेम कधीच उघडत नाही. उघडलंच तर एखादा काळा स्क्रीन आणि परवानग्यांची यादी, कॉन्टॅक्ट बघू दे, एसएमएस वाचू दे. एसएमएस वाचायला दिले म्हणजे बँकेचे ओटीपी पण दिले, हे पोरांना कळत नाही आणि फोन बहुतेक वेळा बापाचा असतो.

ओळखायची खूण एकदम सोपी. अधिकृतपणे जाहीर झालेल्या मशीन दोनच आहेत, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स/एस. मोबाइलचं नाव कुठेच नाही. रॉकस्टारने लोकांसाठी कुठलाही बीटा (गेम येण्याआधीची चाचणी आवृत्ती) उघडलेला नाही, त्यामुळे "बीटा की" विकणारा शंभर टक्के चुना लावतोय. प्रीऑर्डर पण तशीच, आधी प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सच्या स्टोअरवर सुरू झालेली दिसली पाहिजे, तोपर्यंत कोणी "ॲडव्हान्स टाका, पहिली कॉपी तुमची" म्हणत असेल तर हात आखडता घ्या. तिथे विशलिस्टला टाकून ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत आणि सुरू झालं की नोटिफिकेशन येतं.

मधल्या वेळेत काय खेळायचं

आता मजेचा भाग. सहाचं शहर व्हाइस सिटी आहे, आणि आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीचा पहिला जीटीए पण व्हाइस सिटीच. गेम २००२ चा, पण आपल्याकडे तो कितीतरी वर्षं पुरला, सायबर कॅफेत तासाच्या भावाने आणि घरी कोणाच्या तरी भावाकडून आणलेल्या सीडीवर. कॅफेतल्या भिंतीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर चीट कोड लिहिलेले असायचे, पॅन्झर मारलं की आकाशातून रणगाडा, ॲस्पिरिन मारलं की तब्येत फुल, आणि पोलीस मागे लागले की लीव्ह-मी-अलोन. इंग्लिशच्या पेपरात स्पेलिंग चुकणारी पोरं हे न बघता टाइप करायची. मिशन मात्र कोणी करायचं नाही, नुसतं बाइक घेऊन बीचवर फिरायचं, त्यामुळे पुलापलीकडचं अर्धं शहर कित्येकांनी बघितलेलंच नाही, कारण वादळाचा इशारा म्हणून पूल बंद असतो आणि तो गोष्ट पुढे नेल्याशिवाय उघडत नाही.

तर आता ते पूर्ण करा, डेफिनिटिव्ह एडिशन म्हणजे त्याच गेमची नव्याने सजवलेली आवृत्ती मिळते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आली तेव्हा बेकार अवस्था होती, पावसात काही दिसायचं नाही, चेहरे मेणाचे, पण नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटने बरीच सुधारली, आता खेळण्यासारखी आहे. आणि ते खेळण्याच्या हेलिकॉप्टरचं मिशन, बांधकामाच्या इमारतीत चार मजल्यांवर चार बॉम्ब ठेवायचं, ज्याने निम्म्या महाराष्ट्राचा गेम तिथेच संपवला, त्याची युक्ती सांगून ठेवतो. टाइमर मिशन सुरू झाल्यावर चालू होत नाही, पहिला बॉम्ब उचलल्यावर होतो. म्हणून आधी रिकामं हेलिकॉप्टर घेऊन आत शिरा, जिने कुठे आहेत ते बघून घ्या, पंख्याने सगळे कामगार आणि गार्ड आडवे करा, रस्ता साफ झाला की मगच पहिला बॉम्ब उचला. आणि जुनी पीसी कॉपी लॅपटॉपवर खेळत असाल तर आधी कंट्रोल बदलून घ्या, हेलिकॉप्टर नंबर पॅडवर चालतं आणि बऱ्याच लॅपटॉपना नंबर पॅडच नसतो, अर्ध्या लोकांचं घोडं तिथेच अडलेलं.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका. जुन्या व्हाइस सिटीचा हिरो टॉमी व्हर्सेटी परत येणार म्हणून वाट बघू नका. जीटीए ३, व्हाइस सिटी, सॅन अँड्रियास ह्यांचं जग वेगळं आणि २००८ च्या चौथ्या भागापासून सुरू झालेलं जग वेगळं, शहरांची नावं तीच पण माणसं आणि इतिहास नवा. सहाची गोष्ट ह्या दुसऱ्या जगातली, जेसन आणि लुसिया ह्या जोडीची. त्यामुळे तयारी म्हणून खेळायचंच असेल तर जीटीए ५ ची स्टोरी परत एकदा आणि रेड डेड २. हा दुसरा खरं तर जास्त कामाचा, कारण रॉकस्टारने शेवटचा पूर्ण नवा मोठा गेम केला तो तोच, माणसं चालतात कशी, दुकानात शिरल्यावर काय होतं, घोड्यावरून जाताना अनोळखी माणसाशी बोलायचं की बंदूक काढायची, ही सगळी हातोटी पुढे कुठे जाणार ह्याचा अंदाज त्यातनं येतो. सुरुवातीचा बर्फातला भाग जाम संथ आहे, तेवढा दम धरा.

ट्रेलर बघायचा तर असा

नुसता प्ले करून काय बघता. कॉम्प्युटरवर यूट्यूब उघडा, पॉज करा, मग कीबोर्डवरच्या स्वल्पविरामाने एक फ्रेम मागे आणि पूर्णविरामाने एक फ्रेम पुढे जाता येतं. दुसऱ्या ट्रेलरला हे करा आणि बिअरच्या बाटलीवर थांबा, आतले बुडबुडे बघा. रॉकस्टारने सांगितलंय की तो साध्या पीएस५ वरच रेकॉर्ड केलाय, अर्धा गेमप्ले आणि अर्धे कटसीन (गोष्ट सांगणारे, नुसते बघायचे प्रसंग), त्यामुळे हे बघण्याला अर्थ आहे. सुरुवातीला जेसन छपरावर काम करत असतो आणि विचारल्यावर म्हणतो की लीक बुजवतोय. सप्टेंबर २०२२ मध्ये ह्यांचे नव्वदच्या आसपास अर्धवट व्हिडिओ चोरून इंटरनेटवर टाकले गेले होते, पहिला ट्रेलर पण लीक झाला, आणि त्यानंतर दुसऱ्याची सुरुवात ह्या वाक्याने. मारलाच ना टोमणा.

लिओनायडा राज्य म्हणजे सरळसरळ फ्लोरिडा. व्हाइस सिटी म्हणजे मायामी, लिओनायडा कीज म्हणजे फ्लोरिडा कीज, आणि ग्रासरिव्हर्स म्हणजे एव्हरग्लेड्सची मगरींनी भरलेली दलदल. गुगल मॅपवर मायामी बीचच्या ओशन ड्राइव्हला स्ट्रीट व्ह्यू लावून चालत जा आणि शेजारी ट्रेलर ठेवा, हॉटेलांच्या पाट्या आणि रंग बघून हसू येतं. दुसऱ्या ट्रेलरसोबत वेबसाइटवर सत्तरच्या आसपास स्क्रीनशॉट टाकलेत ते पण बघा, त्याचा अजून एक फायदा, कोणी व्हॉट्सॲपवर "नवीन लीक फोटो" पाठवला तर त्यातलाच आहे की एआयने बनवलेला हे लगेच कळतं.

खिसा

साधं सांगायचं तर कन्सोल नसेल तर आज धावत जाऊन घेऊ नका. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर २०२६ ला आहे, म्हणजे गेमच्या अकरा दिवस आधी, आणि ऑनलाइन सेल त्याच्याही आधी लागतात. बोनस आणि सेल दोन्ही एकाच टप्प्यात येतायत, असा योग परत येणे नाही. मात्र सेलची वाट बघता बघता स्टॉक संपू शकतो, ही रिस्क आहे, म्हणून दर महिन्याला काही पैसे वेगळे टाकत चला आणि मधेच चांगला भाव दिसला तर उचला.

डिस्कवाला घ्यायचा की डिजिटल, ह्यावर माझं मत पक्कं आहे, डिस्कवाला. आपल्याकडे मोठा नवा गेम पाच हजाराच्या आसपास जातो, डिस्क असली तर संपल्यावर विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते, तिघांनी वर्गणी काढून घेता येते (आधी कोण खेळणार ह्यावरून भांडण गृहीत धरा). डिजिटलला ते काही नाही. शंभर डॉलर किंमत असणार ही पुडी पण ऐकून सोडून द्या, किंमत स्टोअरवर दिसेल तीच खरी.

पीसीवाल्यांनो, तुमच्यासाठी वाईट बातमी पण पैसे वाचवणारी. जीटीए ४ पीसीवर सात-आठ महिन्यांनी आला, जीटीए ५ जवळपास एकोणीस महिन्यांनी (१४ एप्रिल २०१५), रेड डेड २ वर्षभराने. म्हणजे नेहमीच वरातीमागून घोडं. पीसीचं नावच अजून जाहीर झालेलं नाही तर काय लागणार ह्याची यादी कुठून येणार, त्यामुळे कोणी "जीटीए ६ रेडी पीसी" असा बोर्ड लावून लाखाची बिल्ड गळ्यात मारत असेल तर नमस्कार करा आणि निघा. आज घेतलेलं ग्राफिक्स कार्ड तोपर्यंत जुनं झालेलं असेल आणि त्याच पैशात बरं मिळत असेल.

जागा आणि नेट

साइज जाहीर नाही, पण रेड डेड २ नेच पीसीवर १५० जीबी मागितले होते, म्हणून २०० जीबी रिकामे धरून चला. पहिल्या पीएस५ वर ८२५ पैकी ६६७ जीबीच वापरता येतात, एक्सबॉक्स सिरीज एसच्या ५१२ मध्ये हाताला ३६४ च्या आसपास लागतात, दोन-तीन मोठे गेम टाकले की खल्लास. जुने गेम यूएसबी हार्ड डिस्कवर हलवा, ती स्वस्त पडते, नवीन गेम तिच्यावरून चालणार नाहीत पण साठवायला चालते.

नेटचा हिशोब पण करून ठेवा. १५० जीबी डाउनलोडला ४० एमबीपीएसवर आठ तासांच्या वर लागतात, १०० वर साडेतीन तासांच्या आत. डिस्क घेतली म्हणून सुटका नाही, पहिल्या दिवशी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, येतोच येतो. प्रीलोड (तारखेच्या आधीच गेम डाउनलोड करून ठेवायची सोय) मिळालं तर रात्री लावून झोपा आणि घरच्यांना सांगून ठेवा की राउटरचं बटण बंद करू नका, कारण आई झोपायच्या आधी सगळी बटणं बंद करते हा नियम अख्ख्या महाराष्ट्रात एकच आहे.

शेवटचे दोन आठवडे

डिस्क दुकानांत पोचल्या की कोणीतरी आधीच फोडतो आणि शेवट यूट्यूबच्या थंबनेलवर येतो. म्हणून साधारण नोव्हेंबर लागल्यापासून एक्सवर शब्द म्यूट करा, जीटीए, जेसन, लुसिया, आणि "एंडिंग" पण. इंग्रजी स्पेलिंगमध्येही आणि देवनागरीतही. ग्रुपमध्ये एक तरी असा असतोच ज्याला स्टोरी फोडण्यात मजा येते, त्याला तेवढे दिवस म्यूट केला तर मैत्री तुटत नाही.

ऑनलाइनची घाई करू नका. जीटीए ऑनलाइन १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालं तेव्हा पहिले काही दिवस लोक नुसते लोडिंगमध्येच अडकून होते. सहामध्ये ऑनलाइन कधी आणि कसं असेल ते येईल तेव्हा बघू, आधी स्टोरी. घरात लहान पोरं असतील तर रात्री आणि हेडफोन लावून, जीटीए ५ ला युरोपात १८ वर्षांवरचं रेटिंग होतं आणि हा काय हनुमान चालीसा असणार नाही.

आणि रजा. तारीख गुरुवारची आहे, गुरुवार-शुक्रवार टाकले की शनिवार-रविवार धरून सलग चार दिवस, पण दिवाळीत आधीच सुट्ट्या घेतलेल्या असतील तर साहेब भुवया उंचावणार. म्हणून दिवाळीत एक-दोन दिवस हात राखून घ्या, टेक-टूचा नोव्हेंबरच्या सुरुवातीचा निकाल येऊ द्या, त्यात तारीख जागेवर असली की त्याच दिवशी अर्ज टाका. कारण "घरगुती काम" लिहा, खोटं नाही ते, घरातच बसणार आहात.